माळ्याची खोली करताना

माळा, माडी आणि शेड

वाशीम जिल्ह्यातील घरांत छपराखालची जागा साधारणपणे तीन रूपांत आढळते. पहिले रूप कौलारू किंवा टिनाच्या उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्याचे. त्यात कड्यांवर फळ्या टाकलेल्या असतात आणि फळ्यांवर बियाण्याची पोती, कांदे, जुनी भांडी, औताचे सुटे भाग ठेवलेले असतात. दुसरे रूप धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराची किंवा वाड्याची माडी. तिसरे रूप गेल्या काही दशकांत आलेले आहे: स्लॅबच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभारून टिनपत्र्यांची केलेली शेड. कुटुंब वाढले, मुलाचे लग्न ठरले किंवा अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी झाली, की यांपैकी जे हाताशी असेल त्याची खोली होते. भिंती उठतात, खिडकी बसते, फरशी पडते. छप्पर आणि जमीन यांचा विचार बहुधा शेवटी होतो. खोलीत मे महिन्याची दुपार काढता येईल की नाही, हे मात्र याच दोन पृष्ठभागांवर अवलंबून असते.

उष्णतेची दिशा

वाशीम शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २०.१ अंशांवर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी उभ्या भिंतींवर थेट ऊन जवळजवळ पडत नाही, सारा मारा छपरावर होतो. निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॅट सौरऊर्जा पडते. जुना, गंज चढलेला पत्रा तिचा मोठा भाग शोषून घेतो. हवेचे तापमान ४२-४३ अंश असले तरी पत्र्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाते.

ही उष्णता खोलीत कशी उतरते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गरम हवा हलकी असल्याने ती वरच, पत्र्याला लागून राहते. ती आपणहून खाली येत नाही. खाली येते ते प्रारण. तापलेला पत्रा आपल्या खालच्या अंगाने उष्णता किरणांच्या रूपात फेकत राहतो आणि या किरणांना वरखाली अशी दिशा नसते. पंखा फिरत असतानाही डोके तापते ते यामुळे. फाटक्या सतरंजीचा किंवा साध्या कापडाचा पडदा पत्र्याखाली बांधला तरी बराच फरक पडतो, त्याचेही कारण हेच. पडदा हवा अडवत नाही, किरण अडवतो.

माळ्याच्या उष्णतारोधनावरील बहुतेक तांत्रिक लेखन थंड देशांतले आहे. तेथे वर्षातील कित्येक महिने घरातील ऊब वर चढून छपरातून निसटत असते. म्हणून माळ्याच्या जमिनीवर काचतंतूंचा किंवा कागदाच्या लगद्याचा जाड थर पसरतात आणि खालच्या घराला जणू झाकण घालतात. वाशीमला भौतिकीचे नियम तेच, पण दिशा उलटी. मार्च ते जून उष्णता वरून खाली येते. त्या लेखनातील थरांचा क्रम आणि जागा येथे जशीच्या तशी उचलणे हा दोष आधुनिक बांधकामात वारंवार दिसतो.

हद्द कोठे आखायची

प्रत्येक राहत्या घराला उष्णतेची एक हद्द असते. तिच्या आत माणसे, बाहेर ऊन-वारा. उष्णतारोधक थर आणि फटी बुजवण्याचे काम या हद्दीवरच व्हायला हवे आणि ही हद्द कोठेही तुटता कामा नये. माळा केवळ साठवणीचा असतो तेव्हा हद्द त्याच्या जमिनीतून जाते. माळा कितीही तापला तरी चालतो. दोन्ही त्रिकोणी भिंतींत झरोके असतील तर वारा खेळतो आणि माळा खालच्या घराची सावली होतो.

माळ्यावर माणूस राहायला गेला की ही हद्द वर सरकवावी लागते. ती आता छपराच्या उतारावर, दोन बाजूंच्या भिंतींवर आणि वळचणीवर येते. माळ्याची जमीन हद्दीच्या आत जाते. तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे माणसेच असल्याने तिच्यातून वाहणारी उष्णता नगण्य होते. जुना थर जमिनीत तसाच ठेवून छप्पर उघडे सोडले, तर खालचे घर गार राहते आणि वरची खोली भट्टी बनते. तिच्यातील उष्णतेला खाली जायलाही वाट उरत नाही.

गच्चीवरील शेडचा प्रकार याहून फसवा आहे. चारही बाजूंनी मोकळी शेड ही स्लॅबसाठी उत्तम छत्री असते: ऊन पत्र्यावर थांबते आणि पत्र्याखालून वारा वाहतो. त्याच शेडला भिंती घातल्या की वारा थांबतो, तापलेली हवा कोंडते, पत्र्याचे प्रारण थेट स्लॅबवर पडत राहते. परिणामी वरची खोली तर तापतेच, पण खालची खोलीही शेड मोकळी असतानाच्या तुलनेत अधिक तापू शकते. म्हणून शेडला भिंती घालायच्या असतील तर पत्र्याखालचे उष्णतारोधन त्याच कामाचा भाग धरावे. ते पुढच्या वर्षावर टाकणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

जमिनीतील थर पूर्णपणे निरुपयोगी ठरतो असे मात्र नाही. खाली एसी चालतो आणि वरची खोली फक्त रात्री वापरात आहे, अशा घरात दुपारी दोन मजल्यांच्या तापमानात मोठा फरक असतो. तेथे जमिनीतील उष्णतारोधन वीज वाचवते. आवाज रोखण्यासाठीही तो थर हवाच असतो.

वळचणीची पोकळी

उतरत्या छपराखालची खोली कडेला बुटकी होत जाते. म्हणून दोन्ही बाजूंना तीन-चार फुटांची ठेंगणी भिंत उभारतात आणि तिच्यामागे वळचणीपर्यंत त्रिकोणी पोकळी उरते. या पोकळीत हद्द कोठून न्यायची, हे आधीच ठरवावे लागते. एक मार्ग उताराबरोबर थेट वळचणीपर्यंत जाण्याचा. दुसरा ठेंगण्या भिंतीवरून खाली उतरून पोकळीच्या जमिनीवरून बाहेरच्या भिंतीपर्यंत जाण्याचा. पहिला मार्ग सोपा आणि चुकांना कमी वाव देणारा.

दुसरा मार्ग घेतल्यास एक जागा हमखास निसटते. कड्यांवर फळ्या आणि कड्यांखाली नवे पीओपीचे किंवा पीव्हीसीचे छत असेल, तर दोन कड्यांमधली जागा एका लांब बोगद्यासारखी होते. ठेंगणी भिंत फळ्यांवर उभी असते, बोगदा मात्र तिच्याखालून सलग जातो. वळचणीत शिरलेली तापलेली हवा या बोगद्यातून थेट खोलीच्या जमिनीखाली पोचते आणि दुपारी फरशी पायाला कोमट लागते. भिंतीवर कितीही जाड थर दिला तरी हे थांबत नाही. उपाय किरकोळ आहे: ठेंगण्या भिंतीच्या बरोबर खाली, प्रत्येक दोन कड्यांच्या मध्ये, मापाने कापलेला फळीचा तुकडा बसवायचा आणि त्याच्या चारही कडा बुजवायच्या. हे काम फळ्या उघड्या असतानाच होते. फरशी पडल्यावर या जागेपर्यंत हात पोचत नाही.

कारंजाची तक्तपोशी

जिल्ह्यातील कारंजा लाड हे वेशींचे, जुन्या पेठेचे गाव. तेथील व्यापारी घराण्यांच्या सागवानी वाड्यांत माडीची जमीन ज्या पद्धतीने केलेली असते, ती रोधन आणि फटी बुजवणे या दोन्ही कामांचा उत्तम नमुना आहे. भिंतीत आणि तुळयांवर टेकलेल्या कड्या, कड्यांवर घट्ट बसवलेल्या फळ्यांची तक्तपोशी, फळ्यांवर तुराट्यांचा किंवा पाल्याचा थर आणि त्यावर चोपलेली माती. सर्वांत वर शेणाचे सारवण.

प्रत्येक थराला स्वतःचे काम आहे. तक्तपोशी वजन पेलते. तुराट्या फळ्यांच्या सांध्यांवर आडव्या पडतात, त्यामुळे माती खाली झिरपत नाही. मातीत गव्हाचे कुटार कालवलेले असते. वाळताना माती आकसते तेव्हा कुटाराचे तंतू तिला धरून ठेवतात आणि मोठ्या भेगा पडू देत नाहीत. ज्या बारीक भेगा राहतात त्या सारवण बुजवते आणि ते पुनःपुन्हा होत असल्याने जमीन कायम बंद राहते. जड माती पावलांचा आवाज खाली जाऊ देत नाही आणि खालच्या चुलीचा धूर वर येऊ देत नाही. आग लागली तर ती फळ्यांपर्यंत पोचायलाही माती वेळ लावते. आजच्या बांधकामात ही कामे स्वतंत्र वस्तू विकत घेऊन केली जातात.

धाब्याचे छप्पर हे याच रचनेचे जाड रूप. वरचा थर गावठाणातील पांढऱ्या, खारवट मातीचा. या मातीतील सोडियममुळे तिचे सूक्ष्म कण ओले होताच सुटे होतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. पावसाळ्याआधी नवी पांढरी टाकून धाबे चोपण्याची रीत या गुणावर उभी आहे.

आकड्यांत तुलना

छपराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता यू-मूल्याने मोजतात: दोन बाजूंच्या तापमानात एक अंश फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. आकडा लहान तितके छप्पर चांगले. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या छपरासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, पण मापदंड म्हणून लहान घरालाही तो उपयोगी पडतो.

भारतीय मानकांतील उष्णतावहनाचे गुणांक घेऊन हिशेब केल्यास नुसत्या टिनपत्र्याचे यू-मूल्य सुमारे ४.८ येते. पाच इंची काँक्रीट स्लॅबचे सुमारे ३.५. इंचभर फळीवर एक फूट मातीचे धाबे असेल तर सुमारे १. म्हणजे या संहितेच्या कसोटीला जुने धाबे उतरते आणि त्याच्या जागी आलेला स्लॅब उतरत नाही. पत्र्याखाली दोन इंची थर्मोकोल सलग लावला तर आकडा ०.६ च्या आसपास येतो.

१० बाय १२ फुटांच्या खोलीवर ६५ अंशांना तापलेला नुसता पत्रा असेल आणि खोलीत ३८ अंश तापमान असेल, तर छपरातून सुमारे पावणेदोन किलोवॅट उष्णता आत येते. दुपारभर छताला एक मोठा हीटर टांगून ठेवावा, इतकी ही उष्णता आहे. थर्मोकोल लावल्यावर ती सुमारे २०० वॅटपर्यंत उतरते.

यू-मूल्य सगळे सांगत नाही. जाड माती उष्णता अडवते तशीच ती साठवतेही. दुपारचा ताप धाब्याच्या खालच्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून दुपारी धाब्याचे घर गार आणि रात्री आत उबारा, बाहेर वारा. उन्हाळ्यात धाब्यावर अंथरूण टाकण्याची सवय या विलंबातूनच आली. थर्मोकोल अथवा रॉकवूल हलके असल्याने उष्णता साठवत नाहीत. त्यांच्याखालची खोली सूर्यास्तानंतर लवकर निवते. रात्री झोपण्यासाठी केलेल्या वरच्या खोलीला हे अधिक सोयीचे.

साहित्य

थर्मोकोल स्वस्त आहे, ओलीने सहसा बिघडत नाही, पण जळतो आणि जळताना दाट धूर करतो. शिवाय तापलेल्या पत्र्याला थेट चिकटवल्यास काळानुसार वाकतो. रॉकवूल जळत नाही आणि आवाजही शोषते. मात्र ते भिजू देता येत नाही आणि बसवताना हातमोजे, नाकावर कापड आवश्यक. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली पफ पॅनेले सर्वांत प्रभावी. नवीन शेड करतानाच ती घालणे हिशेबात बसते, नंतर बदलणे महाग पडते. अॅल्युमिनियमचा चकचकीत पडदा प्रारण अडवतो, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये किमान इंचभर हवा हवी. पत्र्याला चिकटला की पडदा वाहकच होतो.

लोखंडी पाइपांच्या मधल्या चौकटींत थर भरून पाइप तसेच उघडे ठेवले, तर उष्णता त्या पाइपांतून खाली येत राहते. थर पाइपांच्या खालून सलग न्यावा. आणि मऊ, फुगीर थर फळ्यांखाली दाबला गेला की त्यातील हवा निघून जाते व त्याची निम्मी किंमत वाया जाते. रोधन करते ती तंतूंत अडकलेली हवा.

या सगळ्याआधी करण्याजोगी गोष्ट म्हणजे छपराला वरून पांढरा रंग. ताजा चुना उन्हाचा बहुतांश भाग परतवतो. पावसात तो धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा द्यावा लागतो. अहमदाबादच्या २०१३ पासूनच्या उष्मा कृती आराखड्यात आणि तेलंगणाच्या २०२३ च्या शीतल छप्पर धोरणात या साध्या उपायाला स्थान मिळाले, ते त्याच्या अल्प खर्चामुळे. टिनाखाली राहणाऱ्या कुटुंबांची संख्या पाहता असे धोरण विदर्भातील प्रत्येक नगरपालिकेने उचलायला हवे.

फटी

हद्द वर सरकली तरी जमिनीतील फटी बुजवणे चुकत नाही, केवळ त्याचे कारण बदलते. आता प्रश्न धूर, फोडणीचा वास, धूळ, आवाज, पाली आणि उंदीर यांचा असतो. फटी शोधण्याची रीत सोपी आहे. भर दुपारी माळ्याच्या खिडक्या बंद करून खालच्या खोलीत दिवा लावला की फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या रेघा दिसतात. ज्या फटीतून उजेड येत नाही पण वारा येतो, तिच्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. सरळ वर जाणारा धूर तेथे अचानक वाकतो. भिंत आणि फळ्या जेथे भेटतात ती रेघ, कड्या भिंतीत शिरतात ती तोंडे, वायरच्या पाइपाभोवतीची भोके आणि जिन्याचे झडप या चार जागी सर्वाधिक गळती सापडते.

फट किती रुंद आहे आणि तिच्या दोन कडा हलतात का, यावर साहित्य ठरते. दोन फळ्यांमधली फट ऋतूप्रमाणे लहानमोठी होते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तेथे सिमेंट भरले तर पहिल्याच उन्हाळ्यात निखळते. अशा सांध्यावर एका बाजूने खिळलेली पातळ पट्टी किंवा लवचीक सिलिकॉन चालते. कड्यांची तोंडे चुन्यात भिजवलेल्या तागाने बुजवावीत, कारण चुना लाकडातील ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ओल धरून ठेवते आणि कडी नेमकी भिंतीच्या आत, दिसणार नाही अशा जागी कुजते. वाळवीची तपासणी फट बुजवण्याच्या आधी. झडपाच्या चौकटीला रबराची पट्टी पुरते.

कूलर की एसी

वाशीमच्या उन्हाळ्यात घराघरांत कूलर असतो आणि येथे फटी बुजवण्याच्या नियमाला मर्यादा येते. कूलर कोरड्या हवेत पाणी मिसळून तिला गार करतो व ती आत ढकलतो. तितकीच हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो, बाष्पीभवन मंदावते आणि घाम वाळेनासा होतो. एसी त्याच हवेला पुन्हा पुन्हा गार करतो, त्याला बंद खोली हवी. म्हणून कूलरच्या खोलीत फटी सगळ्या बुजवाव्यात, पण कूलरसमोरच्या भिंतीत उंचावर उघडझाप करता येणारा झरोका ठेवावा. बेशिस्त फट आणि झरोका यांत फरक आहे: झरोका हवा तेव्हा बंद होतो.

ओल

हिवाळ्याच्या पहाटे निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. खोलीतील श्वासोच्छ्वासाची वाफ त्याच्या आतील अंगावर जमते आणि थेंब खाली पडतात. मध्ये रॉकवूल असेल तर ते भिजते, आणि भिजलेले रॉकवूल उष्णता अडवत नाही. म्हणून तंतुमय थराच्या खोलीकडील बाजूला फॉइल असावे, त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद असावेत आणि थर व पत्रा यांमध्ये वळचणीपासून आढ्यापर्यंत हवेची मोकळी वाट असावी. या वाटेने जमलेली ओल वाळते.

वजन

साठवणीच्या माळ्याच्या कड्या माणसांच्या वावरासाठी बेतलेल्या नसतात. भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या खोलीच्या जमिनीने प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो चल भार पेलला पाहिजे, आणि हे तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज. चार इंच चोपलेली माती एकटीच प्रति चौरस मीटर १६० ते १९० किलो भरते. फुटभर धाबे पाचशेच्या पुढे जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे, म्हणजे धाब्याचीच छपरे, कोसळणे हे त्याचे मोठे कारण होते. धाब्याच्या गुणांबद्दल लिहिताना हे विसरता येत नाही. जुन्या लाकडावर नवी माती चढवू नये. जुनी माती ठेवायची असेल तर कड्या आणि त्यांची भिंतीतील तोंडे जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावीत.

गच्चीवरही हीच दक्षता हवी. दहा फूट उंचीची चार इंची विटांची भिंत प्रति मीटर लांबीला साडेपाचशे किलोहून अधिक भरते. तिच्याखाली बीम नसेल तर तो सारा भार स्लॅबच्या मध्यावर येतो. तेथे हलक्या ब्लॉकची किंवा पॅनेलची भिंत घेणे शहाणपणाचे.

वायर आणि कामाचा क्रम

उघडी वायर हवेत निवते, रोधक थरात पुरलेली निवत नाही. म्हणून थरातून जाणारी प्रत्येक वायर पाइपातून, आणि शक्य तर एक आकार मोठी घ्यावी. छतात खुपसलेले दिवे थर्मोकोलला टेकू देऊ नयेत.

छपराची गळती, वाळवी, लाकडाची मजबुती, वायरिंग, मग फटी, मग रोधन आणि शेवटी फरशी व छताची शोभा, असा क्रम राखला की केलेले काम पुन्हा उकलावे लागत नाही. फेब्रुवारी-मार्च हा कामाला योग्य काळ: लाकूड कोरडे असते आणि पत्रे उघडायला पावसाची भीती सहसा नसते. पत्र्यांचे हुक आणि आढ्याचे सांधे खरे कसे आहेत, हे मात्र मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडल्यावरच कळते. म्हणून वळचणीजवळची छताची पॅनेले तोवर स्क्रू न आवळता नुसती टेकवून ठेवावीत आणि त्या पावसानंतर थराला हात लावून पाहिल्यावरच पक्की करावीत.